आठ बैल ते पन्नास हॉर्सपॉवर

दिवाळीनंतर साताऱ्याहून सांगलीकडे निघालं की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकतेच. परवा असाच अडकलो आणि डोक्यात हिशोब सुरू झाला. (इंजिनीयरची खोड, दुसरं काय!)

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सांगली भागात किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर बनू लागले. लोखंडानं जमीन नासते, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे! काळ्या रानात जड नांगराला सहा-आठ बैल लागत. एका बैलाची ताकद साधारण अर्धा हॉर्सपॉवर, म्हणजे आठ बैलांचे झाले चार. 1963 साली महिंद्राचा बी-275 आला, तो साधारण 35 चा. आता ऊसवाहतुकीला 50 च्या आसपासचे दिसतात.

शेत मात्र उलट्या दिशेनं गेलं. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34. एवढ्याशा रानात मोठा ट्रॅक्टर वर्षातले किती दिवस चालणार? मग हप्ता फेडायला दुसऱ्यांची नांगरट करायची, कारखान्याचा ऊस ओढायचा.

तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी वेगळी वाट धरली. वेलींच्या दोन ओळींतून जाईल असा अरुंद, 20-25 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. फवारणीला तेवढा पुरतो.

ताकद वाढली की प्रगती झाली, असं आपण धरून चालतो. पण मशीन रानाच्या मापाचं हवं. असो. पुढच्या वेळी ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न जरा कमी वाजवा. पुढे कुणाचा तरी हप्ता चाललाय!