आपत्तीनंतरचा आधार : मानसिक प्रथमोपचाराची जडणघडण

भूकंप, आग, महापूर किंवा वायुगळती यांसारख्या आपत्तीनंतरच्या पहिल्या काही तासांत व दिवसांत भेदरलेल्या, सुन्न झालेल्या वा शोकाने कोसळलेल्या माणसाला जो मानवी आणि व्यावहारिक आधार दिला जातो, त्याला मानसिक प्रथमोपचार असे म्हणतात. त्यात निदान, औषधयोजना वा समुपदेशन येत नाही. सुरक्षित निवारा, पाणी, खरी माहिती, ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध आणि शांतपणे ऐकून घेणारे माणूस एवढेच येते. वरवर सोप्या वाटणाऱ्या या समजुतीपर्यंत पोहोचायला वैद्यकशास्त्राला सुमारे शंभर वर्षे लागली, आणि या काळातील प्रगतीचा मोठा वाटा मदत करणाऱ्याने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादांचा आहे.

आपत्तीचा मनावर होणारा परिणाम स्वतंत्रपणे अभ्यासण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिसते. फ्रान्समधील कुरिएर येथील 1906 चा कोळसा खाणीतील स्फोट आणि इटलीतील मेसिना येथील 1908 चा भूकंप यांतून वाचलेल्यांच्या मनोवस्थेचा अभ्यास एडुआर्ट श्टीर्लिन या स्विस मनोविकारतज्ज्ञाने केला. पुढे पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणजे तोफांच्या माऱ्याखाली मन खचून जाण्याचे प्रकार सर्वच सैन्यांत वाढले, तेव्हा अशा सैनिकाला दूरच्या रुग्णालयात न धाडता आघाडीच्या जवळच, विनाविलंब आणि तो बरा होणारच या अपेक्षेने विश्रांती व धीर द्यावा, ही पद्धत रूढ झाली; अमेरिकी सैन्यात तिची मांडणी टॉमस सॅमन यांनी केली. तिचा हेतू सैनिकाला पुन्हा लढाईवर पाठवण्याचा असला, तरी मदत तातडीने आणि जवळच मिळावी हे तत्त्व नागरी जीवनातही टिकले.

28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला लागलेल्या आगीत 492 माणसे मृत्युमुखी पडली. या आगीतील जखमी व त्यांचे नातलग आणि इतर शोकग्रस्त अशा एकूण 101 व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारलेला एरिक लिंडेमान यांचा लेख 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास कोंडणे, मृताची प्रतिमा सतत डोळ्यांपुढे राहणे, स्वतःला दोष देणे, जवळच्यांवर चिडणे आणि नेहमीच्या कामांची घडी विस्कटणे ही तीव्र शोकाची लक्षणे आहेत, हे त्यांनी नोंदवले. अशा माणसाला शोकाच्या वाटेवर सोबत मिळाली, तर पुढील गुंतागुंत टाळता येते, हा त्यांचा विचार जेराल्ड कॅप्लन यांनी प्रतिबंधक मनोविकारशास्त्रात विकसित केला. दरम्यान, अणुयुद्धाच्या भीतीने ग्रासलेल्या अमेरिकेत तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1954 मध्ये सामूहिक आपत्तींतील मानसिक प्रथमोपचारावर पुस्तिका काढली.

यानंतर मात्र एक मोठे वळण चुकले. 1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन व रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ‘डीब्रीफिंग’ मांडले; घटनेनंतर काही दिवसांतच सर्वांना एकत्र बसवून, ठरलेल्या टप्प्यांनी, अनुभव व भावना बोलून दाखवायला लावण्याची ही पद्धत होती. बोलल्याने मन मोकळे होते या सर्वमान्य समजुतीमुळे ती पुढे आपद्ग्रस्तांनाही एकेकट्याने सरसकट लागू झाली. 1997 मध्ये वेल्समधील भाजलेल्या रुग्णांवरील अभ्यासात, डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी 26 टक्के रुग्णांत तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव विकार आढळला, तर ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. 2002 च्या कोक्रेन आढाव्यानेही एकाच बैठकीच्या अशा डीब्रीफिंगचा उपयोग नाकारला. जखम ताजी असताना तिच्याबद्दल बोलण्याची सक्ती काहींना अपायकारक ठरू शकते, हा त्यातून मिळालेला धडा होता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन यांनी 2011 मध्ये काढलेली मार्गदर्शिका पाहणे, ऐकणे आणि गरजेच्या मदतीशी जोडून देणे या तीन कृतींवर उभी आहे, आणि कोणालाही बोलायला भाग पाडू नये असे ती बजावते.

भारतात आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराच्या जाणिवेची सुरुवात भोपाळपासून झाली. डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर 1985 मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील तज्ज्ञांनी तेथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण दिले, कारण मनोविकारतज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने नगण्य होती. महाराष्ट्रात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार बळी घेतले. त्यानंतर आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास पुण्यातील मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. उद्ध्वस्त गावांतील अनेकांना दाट वस्तीची जुनी गावठाणे सोडून दूर आखलेल्या, रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतींत जावे लागले, आणि शेजार व भावकी यांची घडी मोडणे हाही आपत्तीचाच भाग असतो, हे त्या पुनर्वसनाने दाखवून दिले. 2009 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधाराची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

मानसिक प्रथमोपचाराच्या परिणामकारकतेचा थेट पुरावा आजही मर्यादित आहे आणि त्याचा आधार मुख्यतः तज्ज्ञांची सहमती व संलग्न संशोधन हाच आहे. परंतु हा प्रथमोपचार अपाय करत नाही, गरजूला योग्य ठिकाणी पोहोचवतो आणि त्यासाठी पदवी लागत नाही. म्हणूनच शिक्षक, आशा कार्यकर्त्या, ग्रामसेवक आणि पोलीस यांना हे प्रशिक्षण आपत्ती येण्यापूर्वीच मिळायला हवे, कारण बाहेरचे तज्ज्ञ गावात पोहोचण्याआधीचे तास त्यांच्याच हाती असतात आणि त्या तासांत काय करावे याइतकेच काय टाळावे, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे.