झाडाखाली कोरलेलं नाव : भोकरदन, भारहुत आणि आपली पाली

जालना म्हटलं की लोकांना स्टील, बियाणं आणि मोसंबी आठवते. जिल्ह्याच्या इतिहासाचं बोलायचं तर गाडी निजामापाशी, फार तर यादवांपाशी थांबते. त्याच्या मागे जायला कुणी तयार नसतं, कारण मागे गेलं की बुद्ध भेटतो.

केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे दाते आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भोकरदनची माणसं विदिशेजवळच्या स्तूपासाठी पदरचं धन देत होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेली आहे, आणि पाँपेई इ.स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. इतक्या दूरवरच्या जगाशी या गावाचं नातं होतं.

आता या दात्यांची भाषा बघा. ती संस्कृत नाही. ती पालीला अगदी जवळची, लोकांच्या तोंडची प्राकृत आहे. सांचीच्या लेखांत नाव, गाव, कधी धंदा, कधी नातं आणि शेवटी 'दानं' एवढंच असतं. दात्यांमध्ये विणकर आहेत, लेखनिक आहेत, व्यापारी आहेत, भिक्खू आहेत. भिक्खुणी आणि गृहिणी तर मोठ्या संख्येने आहेत. आपला वर्ण सांगायची गरज बहुतेकांना वाटलेली नाही.

या लोकभाषेला दगडावर सोबत मिळाली ती झाडांची, वेलींची आणि प्राण्यांची. त्यासाठी मध्य प्रदेशातच, पण सांचीहून पूर्वेला, सतना जिल्ह्यातल्या भारहुतला जावं लागतं. तिथे बुद्ध माणसाच्या रूपात दिसत नाहीत, झाडाच्या रूपात दिसतात. आणि झाड कुठलंही नाही. शाक्यमुनींचा पिंपळ, कस्सप बुद्धांचा वड, कोणागमन बुद्धांचा उंबर. पानं इतकी निरखून कोरलेली की आपल्या बांधावरचं झाड ओळखावं तसं ओळखू येतं. आणि सोबत ब्राह्मी अक्षरांत त्या त्या बुद्धांचं नाव. जातककथांचंही तसंच : हरणाचं चित्र आणि 'मिग जातक', हत्ती आणि लाव्याची गोष्ट आणि तिचं नाव. मला तर ही दगडातली अंकलिपीच वाटते. चित्र बघा, अक्षर वाचा.

भाषा आपोआप मरत नाही. बाबासाहेबांनी ज्याला प्रतिक्रांती म्हटलं, तिच्यात विहार ओस पडले, भिक्खुसंघ विखुरला आणि वाचणारेच उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणले आणि त्यावरचा मजकूर वाचायला पंडितांना बोलावलं. एकालाही वाचता आला नाही! ज्ञानाची मक्तेदारी सांगणाऱ्यांची ही अवस्था.

ती अक्षरं पुन्हा बोलती झाली ती राजाज्ञेमुळे नव्हे, सामान्य दात्यांमुळे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या छोट्या लेखांचे ठसे बघत होता. बरेच लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तर्क केला की हे दान असणार, म्हणून शब्द 'दानं'. तिथून ब्राह्मीचं कुलूप उघडलं. १८७३ मध्ये कनिंगहॅमला भारहुत सापडलं आणि श्रीलंकेसारख्या देशांनी जपलेल्या पाली जातकांतल्या गोष्टी या नावांशी आणि चित्रांशी जुळल्या. परदेशात राहिलेली पोथी आणि इथे राहिलेलं झाड असे एकमेकांना भेटले.

बाबासाहेबांना हे मोल कळलं होतं. त्यांनी पालीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. तो शासनाच्या ग्रंथमालेत सोळावा खंड म्हणून १९९८ साली आला. १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला पुढे त्यांनी 'मिलिंद' नाव दिलं, तेही पाली 'मिलिंदपञ्ह'मधलं. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं.

आणि आपण? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. पेढे मात्र मराठीचे वाटले गेले. वंदना आपण रोज पालीत म्हणतो, पण अर्थ विचारला की इकडेतिकडे बघतो. 'पोटाचे प्रश्न सोडून हे काय' असं काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी वारलीकडे बघावं. वारली चित्र जगभर गेलं, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण वारली बोली आठव्या अनुसूचीत नाही. चित्र बाजारात गेलं आणि शब्द पाड्यावरच राहिला. शब्द मागे राहिला की त्या चित्राचा अर्थ दुसराच कुणीतरी सांगू लागतो.

आपल्या विहारांच्या भिंतींवर कमळ, पिंपळपान, हत्ती रंगवलेले असतात. कोपऱ्यात दात्याचं नाव असतं, बहुधा चित्रापेक्षा ठळक (ही मात्र भोगवर्धनची परंपरा!). त्याच हत्तीखाली ब्राह्मीत आणि देवनागरीत 'हत्थी' लिहायला एक डबा रंग पुरतो. आंब्याखाली 'अंब', झाडाखाली 'रुक्ख'. हत्ती, आंबा, रूख म्हणणाऱ्या मुलाला अर्थ सांगावाच लागत नाही. भोकरदन तालुक्यातल्या विहारांनी सुरुवात 'दानं'पासून करावी. द, न, एक काना आणि एक टिंब. प्रिन्सेपनेही तिथूनच केली होती.