आजीच्या पुस्तकांचं कव्हर

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी पुण्याहून सुट्टी टाकून घरी गेलो. संमेलन हे निमित्त, खरं काम आजीचं होतं. तिला योगिनी जोगळेकरांची कादंबरी हवी होती. कुठलीही चालेल, म्हणाली.

एका स्टॉलवर विचारलं, तर तिथला माणूस हसला. "तसलं बायकी आम्ही ठेवत नाही." असा संताप आला! आणि पुढच्याच क्षणी आठवलं, बारावीत असताना हेच मी आजीला ऐकवलं होतं. "काय गं हे बायकी वाचतेस?" ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायला लागली...

तर मंडळी, मला हा 'बायकी' शब्द कुठून मिळाला? इंजिनिअर माणूस, बग सापडला की त्याचं मूळ शोधणं आलंच.

हा रोग आपल्याकडचाच नाही. १८५६ मध्ये लंडनच्या एका त्रैमासिकात स्त्री कादंबरीकारांच्या 'खुळचट' कादंबऱ्यांची खिल्ली उडवणारा निनावी लेख आला. लिहिणारी स्वतः बाई होती! पुढे ती स्वतः कादंबऱ्या लिहायला लागली, तेव्हा नाव घेतलं जॉर्ज इलियट. पुरुषाचं.

मराठीत १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि वादळ उठलं. ही विभावरी शिरूरकर कोण, यावर लोकांनी तर्क लढवले. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. म्हणजे बाईने धीट लिहिलं तर ती बदनाम. आणि साधी, लोकांना आवडणारी प्रेमकथा लिहिली तर? तर ती उथळ.

गंमत पहा. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत प्रेमाशिवाय काय आहे? टीका त्यांच्यावरही झाली, पण ती तंत्रावर, 'कलेसाठी कला' यावर. म्हणजे वाचून, वाद घालून झाली. १९४०च्या रत्नागिरी संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पुढच्याच वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर. दोघेही तुफान खपणारे.

आता बायकांकडे या. १८७८ पासून २०२५ पर्यंत सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या: कुसुमावती देशपांडे (१९६१), दुर्गा भागवत, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. सगळ्या थोर, वादच नाही. पण कुणी समीक्षक, कुणी विदुषी, कुणी कवयित्री. वाचनालयात जिच्यासाठी नंबर लागायचे, अशी कादंबरीकार यांत एकही नाही.

आणि लिहिणाऱ्या होत्या कोण? योगिनीबाई शास्त्रीय गायिका, शंभरावर पुस्तकं नावावर. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर. कुसुम अभ्यंकर डॉक्टर, शिवाय रत्नागिरीच्या आमदार! यांना 'चूल-मूल वाङ्मय' म्हणून बाजूला सारायला काहीतरी धाडसच लागतं.

त्या सगळ्या कादंबऱ्या महान होत्या असं मी म्हणत नाही. मी त्यातल्या तीन वाचल्या. एक कंटाळवाणी, दुसरी बरी. तिसरी मात्र रात्री दोनपर्यंत सोडवेना. पण मुद्दा दर्जाचा नाहीच. वाईट पुस्तक वाचून वाईट ठरवा की! मी तर एक पानही न उघडता निकाल दिला होता. फक्त वाचणारी बाई आहे एवढं पाहून.

आर्वीसारख्या गावात अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या आजीला दुपारचा एक तास मिळायचा. तो तिने 'स्त्री', 'मेनका'च्या अंकांना आणि या कादंबऱ्यांना दिला. घरात तेवढंच काय ते तिचं स्वतःचं होतं. नातवाने एका वाक्यात त्याला लाज चिकटवली.

असो. पुस्तक शेवटी पुण्यात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. दिवाळीत घेऊन गेलो. तिने उलटसुलट पाहिलं, वास घेतला आणि रद्दीतून पेपर ओढला.

"आजी, कव्हर नको गं घालू," मी म्हटलं.

"सवय झाली रे बाबू," ती म्हणाली, आणि घड्या घालत राहिली.