नाव निघाले की झाले

माझ्या लहानपणी आमचा अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्या काळी एखाद्या घरात वाळत घातलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या दिसल्या की कुजबुज सुरू होई : भानामती. मग प्रश्न एकच, केली कोणी? उत्तर देवऋषी देई, नाहीतर अंगात आलेली बाई. आमच्या गल्लीत असेच एका विधवा म्हातारीचे नाव निघाले. ती काहीच बोलली नाही. गावाने त्या गप्प राहण्यालाच कबुली मानले आणि तिचे पाणी भरणेही बंद झाले.

पुढे अमेरिकेतल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांविषयी वाचताना ती म्हातारी मला पुन्हा भेटली. साल १६९२. इकडे छत्रपती राजाराम महाराज जिंजीत वेढले गेले होते; तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्या नावे घेऊ लागल्या. ७१ वर्षांच्या रिबेका नर्स यांना ज्युरीने आधी निर्दोष ठरवले होते. पण फेरविचारात एका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. आपल्याला कमी ऐकू येते आणि मन दुःखाने भरले होते, असा खुलासा त्यांनी नंतर केला. १९ जुलैला त्यांना फाशी झाली. एकूण १९ जण फासावर गेले, त्यांत १४ स्त्रिया. आरोपाला उत्तर द्यायला नकार देणारे जाइल्स कोरी दगडांच्या ओझ्याखाली मेले.

तिथे मुख्य पुरावा होता आकृतीचा. ‘हिची आकृती येऊन मला छळते,’ असे मुलीने सांगितले की आरोपी घरात झोपलेली होती, या साक्षीला अर्थच उरत नसे. भानामतीतही तेच. न दिसणारी करणी खोटी कशी पाडायची? ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते न्यायालय बंद केले. १६९३ च्या नव्या न्यायालयाने आकृतीचा पुरावा नाकारला आणि बहुतेक आरोपी सुटले. म्हणजे लोकांची श्रद्धा बदलण्याआधी पुराव्याचा नियम बदलला, आणि जीव वाचले.

आपल्याकडे खुनाला शिक्षा पूर्वीपासून होती. पण खुनापर्यंत नेणारी वाट नाव घेण्यापासून सुरू होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने ती वाट अडवली. अमकी करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिचे जगणे अवघड करणे हाच आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. सेलममध्ये आरोपीने स्वतःला निर्दोष सिद्ध करायचे होते. इथे जाब नाव घेणाऱ्याला द्यायचा आहे.

तरी पोलीस ठाण्यापर्यंत जायला कोणाची तरी सोबत लागते. सेलमचे एक न्यायाधीश सॅम्युअल सिवॉल १६९७ मध्ये भर प्रार्थनासभेत उभे राहिले आणि त्यांची माफी वाचून दाखवली गेली. आमच्या गल्लीत त्या म्हातारीसाठी अजून कोणी उभे राहिलेले नाही. त्यात मीही आलो.