नाणेघाटाचा जमाखर्च

गेल्या चैत्रात मी नाणेघाट चढलो. चढलो म्हणजे कोकणातून, वैशाखऱ्याच्या बाजूने. पुण्याच्या माणसाला जुन्नर-घाटघरवरून गाडीने थेट माथ्यापाशी जाता येते, हे सौभाग्यवतीने आधीच सांगितले होते, पण "इतिहास कळायचा तर खालूनच!" असे मी बोलून बसलो होतो. बी.कॉम. झालेल्याने इतिहासावर बोलू नये.

दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, सोपारा-कल्याणला गलबते रिकामी होत आणि तो माल बैलांच्या नि माणसांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला जाई. पावसाळ्यात या वाटेचा ओढा होतो. म्हणजे वाहतूक बहुतेक कोरड्या दिवसांतलीच, आणि कोरडे दिवस म्हणजे काय ते मला तासाभरात कळले. पळसाला वर फुले होती, खाली सावली नव्हती. कातळ तव्यासारखा तापलेला. अर्ध्या वाटेतच बाटली संपली. माझ्या पाठीवर ओझे काय, तर दोन दशम्या!

वर लेणे आहे. त्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे वर कोरलेली, पण मूर्तींचे आता जेमतेम पाय उरलेत. माझे नेमके उलटे झाले होते. पाय सोडून बाकीचा उरलो होतो.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मीतला लेख. साईक्स नावाच्या इंग्रजाने तो 1828 साली पाहिला, तोही ऐन उन्हाळ्यात. नागनिकेचा समजला जाणारा हा लेख म्हणजे यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब : गाई 1,700, कार्षापणे 24,400, शिवाय घोडे, हत्ती. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत हे मोडतात. बाहेर दगडी रांजण. त्यात जकात टाकीत, असे सांगतात. म्हणजे जमा रांजणात, खर्च भिंतीवर. बँकेत बावीस वर्षे काढल्यामुळे माझी नजर सवयीने हमालीचा रकाना शोधू लागली. त्यांनी मला दिलेल्या माहितीत तो कुठेच नव्हता.

टाक्याशी पाणी पीत होतो, तेवढ्यात घाटातून एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वर आल्या. मोळी टेकवून म्हणाल्या, "दादा, सावलीला बसा जरा. लाल झालाय पार."

मी मोळी उचलून पाहिली. गुडघ्यापर्यंत आली, पुढे नाही.

"मावशी, याचे किती मिळतात हो?"

"कोन देनार? घरच्या चुलीला हाय," म्हणाल्या, आणि मोळी डोक्यावर घेऊन घाटघरकडे चालू लागल्या.