दाण्यांचे मटण

पथ्याचे जेवण बेचव असते, ही तक्रार कुठल्याही देशातला रोगी करतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी मात्र ही तक्रार धंद्याच्या मुळावर येणारी होती. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने १८६६ साली तिथे आरोग्यगृह काढले. दहा वर्षांनी चोविशीतल्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्याकडे त्याची सूत्रे आली. मांस वर्ज्य, मिरी, मोहरी आणि व्हिनेगरही वर्ज्य. म्हणजे आपल्याकडची साधी फोडणीसुद्धा डॉक्टरांना चालली नसती! आणि पंगतीला बसणारे लोक मात्र जन्मभर गोमांसावर वाढलेले, पैसे मोजून आलेले.

हा पेच सोडवण्याचे काम बरेचसे एला ईटन केलॉग यांच्याकडे आले. डॉक्टरांच्या या पत्नीने आरोग्यगृहात प्रयोगाचे स्वयंपाकघर चालवले आणि १८९२ साली ‘सायन्स इन द किचन’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. सूप हे त्यातले खरे कसोटीचे प्रकरण. हाडांचा अर्क नाही, तर सूपला अंग यायचे कुठून? वाटाणा, घेवडा, मसूर मऊ शिजवून चाळणीतून दाबून काढायचे. पीठ कोरडे खमंग भाजून घालायचे, म्हणजे दाटपणा येतो आणि तपकिरी रंगही. पोट भरण्यापुरते हे पुरेसे होते. चमच्यात चावायला काही लागत नव्हते, एवढीच उणीव.

ती भुईमुगाने भरून काढली. डॉक्टरांनी १८९५ साली शेंगदाण्याच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाठोपाठ ‘नटोज’ आले : वाटलेले दाणे डब्यात बंद करून वाफेवर शिजवायचे, की सुरीने कापता येईल असा घट्ट गोळा मिळतो. त्यानंतरच्या ‘प्रोटोज’मध्ये दाण्यांबरोबर गव्हातले ग्लुटेनही होते. कणीक मळून पाण्याखाली धूत राहिले की स्टार्च वाहून जातो आणि हाती चिवट, रबरासारखा लगदा उरतो. तेच हे ग्लुटेन. नुसत्या दाण्यांचा गोळा भुसभुशीत होतो, ग्लुटेन त्याला चिवटपणा देते. मांसाची चव साधली की नाही यावर वाद घालता येईल, पण मांस सोडणाऱ्याला चवीइतकीच दातांखालच्या त्या चिवटपणाची आठवण छळते, हे या स्वयंपाकघराने बरोबर हेरले होते.

आरोग्यगृहातले एक कर्मचारी जोसेफ लॅम्बर्ट यांनी दाणे दळण्याची छोटी यंत्रे विकायला काढली. त्यांच्या पत्नी अल्मेडा यांनी १८९९ मध्ये केवळ दाणे आणि सुकामेव्याच्या पाककृतींचे पुस्तक काढले. त्यात सूपही आहेत. उपवासाची दाण्याची आमटी ओरपणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. फक्त आपल्याकडे त्या आमटीला मटणाची बरोबरी करावीशी कधी वाटली नाही.

हे खाणे पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर जगभर फिरले. पंथाचे स्पायसर महाविद्यालय १९४२ साली पुण्याजवळ खडकीला आले, आणि तिथल्या बेकरीचा गव्हाचा पाव आणि शेंगदाण्याचे लोणी पुणेकरांच्या ओळखीचे झाले.

खुद्द बॅटल क्रीकचे दिवस तोवर फिरले होते. १९०२ साली आगीत जळालेली इमारत डॉक्टरांनी पुन्हा दिमाखात उभारली, पण १९०७ मध्ये पंथाने त्यांनाच बाहेर काढले आणि १९२९ नंतरच्या मंदीत आरोग्यगृह कर्जात बुडाले. प्रोटोजचे डबे मात्र निघतच राहिले. १९६० साली हा व्यवसाय ओहायोतल्या वर्दिंग्टन फूड्सने घेतला. आणि १९९९ मध्ये वर्दिंग्टनला विकत घेतले ते केलॉग कंपनीने. ही कंपनी डॉक्टरांचे धाकटे भाऊ विल यांची. कॉर्नफ्लेक्सवरून दोघे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात भांडले होते. नव्या मालकांकडे प्रोटोज फार काळ टिकले नाही. आता जुने ॲडव्हेंटिस्ट खवय्ये दाण्याचे लोणी आणि ग्लुटेन एकत्र मळून, रिकाम्या डब्यांत वाफवून, ते घरीच करतात.