ॲबरव्हॅनचा सातवा ढीग

वणी-बल्लारपूरच्या बाजूस, किंवा गोव्यात डिचोलीकडे, जे कोणी गेले असतील त्यांनी खाणींच्या कडेला रचलेले मातीचे डोंगर पाहिले असतील. खाणीचा इतिहास सांगणारे बहुधा जमिनीच्या पोटात उतरतात. तेथील अंधार, वायू, स्फोट यांचेच वर्णन करतात. आज आपणास वर, त्या ढिगांकडे पाहावयाचे आहे. खाण चालविणाऱ्या कंपनीचे उत्तरदायित्व खाणीच्या तोंडाशी संपते काय, हा प्रश्न वेल्समधील ॲबरव्हॅन या लहानशा गावाने जगापुढे मांडला; आणि त्यासाठी त्याने जी किंमत मोजली ती सांगताना आजही जीभ अडखळते.

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांना खाणींतील मरण नवे नव्हते. १९१३ साली सेंगेनिड येथील स्फोटात ४३९ कामगार मेले. पुढे खटला झाला. व्यवस्थापकास २४ पौंड दंड झाला आणि कंपनीस अपिलानंतर १० पौंड. हिशेब करणाऱ्याने करून पाहावा : एका माणसाच्या वाट्याला सुमारे दीड शिलिंगच येतो. असल्या अनुभवांमुळेच १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा खाणकामगारांना तो आपला विजय वाटला. ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवीत आहे, अशा पाट्या दारोदारी लागल्या. नफेखोर मालक गेला, आता खाण आपली झाली, असे लोक समजले. पुढे जे घडले ते या ‘आपल्या’ मंडळाच्या हातून घडले, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

मर्थर व्हेलची खाण १८६९ च्या सुमारास खणावयास सुरुवात झाली. खालून कोळशाबरोबर दगड-माती येते, आणि कोळसा धुतल्यावर बारीक रेंदा उरतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून हा सारा टाकाऊ माल गावावरच्या डोंगर-उतारावर नेऊन ओतला जाऊ लागला. एकामागून एक असे सात ढीग झाले. सातव्याची सुरुवात १९५८ साली झाली. जागा कशी निवडली? जमिनीची तपासणी झाली नाही, स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतला गेला नाही, सरकारी नकाशाही कोणी उघडून पाहिला नाही. नकाशात तेथे झरे दाखविले होते. गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही ते ठाऊक होते. आठ वर्षांत ढीग १११ फूट उंच झाला. त्याच्या पोटाखालून पाणी पाझरत होते.

पाणी मुरलेली माती उभी असते तोवर घट्ट दिसते. ती एकदा घसरली, की कणांच्या मधले पाणीच वरचा भार झेलू लागते आणि घन वाटणारा ढीग पातळ होऊन वाहतो. डोंगर खचणे म्हणजे काय हे आपल्याकडील लोकांना माळीणने ३० जुलै २०१४ रोजी दाखविले आहे. येथे खचला तो डोंगर मात्र माणसांनी रचलेला होता.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. १९४४ साली चौथा ढीग घसरला होता. १९६३ साली सातवाही घसरला. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी मर्थरच्या नगरसंस्थेच्या अभियंत्याने शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या रेंद्याच्या धोक्याविषयी मंडळाशी पत्रव्यवहार केला. जानेवारी १९६४ मध्ये एका नगरसेविकेने, ढीग हलला तर साऱ्या शाळेलाच धोका आहे, असे सभेत बोलून दाखविले. पत्रांना उत्तरे आली, आश्वासने आली, ढीग वाढत राहिला. गाव याहून मोठ्याने का ओरडले नाही? त्या वर्षांत मंडळ एकामागून एक खाणी बंद करीत होते. फार गवगवा केला तर आपलीही खाण मिटेल, ही धास्ती घराघरांत होती. पोटाचा धनी आणि डोक्यावरचा ढीग एकाच्याच मालकीचा असला म्हणजे तक्रारीचा आवाज आपोआप खाली येतो.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सत्रमध्याच्या सुट्टीपूर्वीचा शाळेचा तो शेवटचा दिवस, आणि शाळा दुपारी सुटणार होती. खोऱ्यात धुके होते, माथ्यावर ऊन. सकाळी ढिगावर गेलेल्या कामगारांना माथा खचलेला दिसला. दूरध्वनी चालू नव्हता, म्हणून एकास निरोप घेऊन खाली पाठविण्यात आले. सव्वानऊच्या सुमारास ढीग सुटला. पँटग्लास शाळेतील मुले नुकतीच वर्गांत बसली होती. खाणीतले कामगार तसेच वर धावत आले आणि आपल्याच खाणीची माती उपसू लागले. अकरानंतर एकही जीव जिवंत सापडला नाही. मृत १४४, त्यांत मुले ११६. शाळेतच १०९ मुले आणि ५ शिक्षक गेले.

दोन-तीन दिवसांनी मृत्यूंची नोंद करण्यासाठी चौकशी बसली. गुदमरून मृत्यू, असे कारण वाचले जाऊ लागताच एका बापाने उठून सांगितले की, माझ्या मुलाच्या दाखल्यावर राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडले असे लिहा. मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स त्या शुक्रवारी गावी आले नाहीत. एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाचा समारंभ त्यांनी आधी उरकला. आल्यावर त्यांनी सांगितले की, झरे कोणासच ठाऊक नव्हते.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या न्यायमंडळाने ७६ दिवस काम करून १३६ साक्षी नोंदविल्या. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. दोष मंडळाचा, असा त्यात निःसंदिग्ध निर्वाळा होता. नऊ जणांवर कमी-अधिक ठपका होता. हे दुष्टांचे कृत्य नव्हे, अज्ञान आणि नालायकी यांचे फळ आहे, असे न्यायमंडळाने म्हटले. मला त्यातील सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच वाटते. मंडळाजवळ ढिगांविषयी धोरणच नव्हते. भुयारातल्या छतासाठी, वायूसाठी, दिव्यांसाठी नियमांची बाडे होती. ढिगाची व्यवस्था यांत्रिक अभियंत्याकडे, कारण तेथे माल नेणारी यंत्रे होती! १९५४ च्या खाण-कायद्यातही ढीग स्थिर राहावेत यासाठी एक कलम नव्हते. ज्याचा जीव कंपनीच्या हजेरीपटावर नाही, त्याची काळजी कोणाच्याही खात्यात नव्हती.

कोणाची नोकरी गेली नाही, कोणावर खटला झाला नाही. रोबेन्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला नाही. मंडळाने प्रत्येक मुलामागे ५०० पौंड दिले. उरलेले ढीग हलवावयासही मंडळ राजी नव्हते. तेव्हा १९६८ साली गावकऱ्यांनी वेल्सच्या मंत्र्यांच्या कचेरीत तो रेंदा नेऊन ओतला. ढीग हटले, परंतु खर्चासाठी जगभरच्या लोकांनी या गावास पाठविलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले. ज्याची मुले गाडली गेली त्यानेच माती उचलण्याची मजुरी भरावी, असा हा न्याय. ते दीड लाख १९९७ साली परत मिळाले, व्याजावाचून. २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी पंधरा लाख पौंड दिले.

ढिगांविषयीचा कायदा १९६९ साली झाला. (आपल्याकडेही, भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर टाकाऊ माल टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या प्रकरणी एप्रिल २०१४ मध्ये सांगितले, तोवर तेथे हा माल हद्दीबाहेर साचतच होता.) मर्थर व्हेलची खाण १९८९ साली बंद पडली, आणि पुढे कोळसा मंडळही राहिले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी पावसात टायलर्सटाउन येथे जुना ढीग घसरून नदीत आला. कोणी दगावले नाही. त्यानंतर वेल्समध्ये मोजदाद सुरू झाली, आणि अडीच हजारांहून अधिक सोडून दिलेले ढीग आढळले. त्यांतील बहुतेकांच्या खाणी केव्हाच मिटल्या आहेत.